म्युनिकला फक्त केबिन बॅग घेऊन जायचंय, वाडीच्या सामानाचं काय करू?

पिंगुळीची_माई (कुडाळ)

नमस्कार मंडळी. दसरा झाला की आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला जातोय, दिवाळीला परत घरी. ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, वजन अजिबात उचलायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे कुडाळ स्टेशनचा जिना, ठाण्याला गाडीतून उतरवणं, टॅक्सीच्या डिकीत टाकणं, सगळं माझ्या अंगावर. म्हणून ठरवलं, दोघांची एकेक केबिन बॅग, बाकी काही नाही. विमानकंपनीच्या साईटवर 8 किलो आणि 55 × 40 × 23 सेंटिमीटर असं दिलंय. कपड्यांचं मी बसवलंय. लेकीकडे मशीन आहे, जाडं जाकीटही तिचंच घालणार.

अडचण निराळीच आहे. आम्ही जातोय हे वाडीत कळलं आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी पिशवी घेऊन दारात. शेजारच्या काकूंचा मालवणी मसाला, वहिनीकडचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस, दोन बाटल्या, बियरच्या), जाऊबाईंचं खाजं, मामेभावाकडचे सोडे (सुकी कोलंबी). लेकीच्या मैत्रिणीच्या आईने सावंतवाडीहून एक पार्सल पाठवलंय, पांढऱ्या कापडात चारी बाजूंनी शिवलेलं. चिठ्ठीत लिहिलंय, "दीडच किलो आसा." लेकीला स्वतःला हळदीची पानं हवीत, पातोळ्या करायच्यात. ह्यांचा अडकित्ता आहेच. आणि सासूबाई म्हणतात, लेकीची ओटी नारळाशिवाय कशी भरतलंस?

नवी चाकांची बॅग आणली, ती रिकामीच तीन किलोच्या वर भरली. आता ह्या सगळां खंय घालू? कोणाला नाही म्हणू आणि कसं?

बोसन_तात्या (गुहागर)

माई, मी जन्मभर बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होतो, आता आगरात शिंपणं करतो. जहाजावर जॉइन व्हायला जाणाऱ्याला मरीन तिकिटावर सामानाची मुभा जास्त मिळते. त्यामुळे आमच्या वाडीचे लोक आम्हाला फुकटचा टेम्पो समजायचे. तेव्हा तुमचं दुखणं मला पाठ आहे.

आधी ते शिवलेलं पार्सल. ते आजच्या आज उसवा. दीड किलो आहे की दोन, हा मुद्दाच नाही. चेक-इनच्या काउंटरवर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरलीत का, कोणी काही न्यायला दिलंय का. तिथे "हो, पण आत काय आहे ते ठाऊक नाही" असं म्हणणार का तुम्ही? माझ्याबरोबर निघालेल्या एका पोराच्या बॅगेत आखातातल्या विमानतळावर शेजाऱ्याने दिलेला चिवड्याचा डबा उघडला. चिवड्याखाली दुखण्याच्या गोळ्या, ट्रामाडोल. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात, तिकडे ते अमली पदार्थांच्या हिशेबात जातं. शेजाऱ्याने वाईट बुद्धीने दिल्या नव्हत्या, त्याच्या भावाचे गुडघे दुखायचे. पण बोट त्या पोराला न घेता सुटली. त्या दिवसापासून माझा नियम: माझ्यासमोर उघडून माझ्या हाताने भरलं तर नेईन, नाहीतर राम राम. लोक रागावतात. रागावू देत.

आता पातळ पदार्थ. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून सुटणारी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर आलेल्या नियमाने आपल्याकडे हाताच्या सामानात 100 मिलीच्या वरची बाटली चालत नाही. बाटली अर्धी रिकामी असली तरी नाही, छापलेलं माप बघतात. अशा सगळ्या बाटल्या मिळून माणशी एक लिटरची एकच पारदर्शक पिशवी, त्यात टूथपेस्ट आणि खोबरेल तेलही आलं. तेव्हा बियरच्या बाटल्या विसरा. आगळाऐवजी आमसुलं न्या. वजन नाही, सांडायची भीती नाही, सोलकढी तीच. मिरचीचं लोणचं आणि तिखटाची पूड आपल्या विमानतळांवर हाताच्या सामानातून काढतात, त्यात तुमचा मालवणी मसालाही सापडणार. अडकित्ता तर स्कॅनरमध्ये असा दिसतो की यजमानांना बाजूला घेऊन दहा प्रश्न विचारतील. सुपारी घरीच कातरून डबीत भरा.

मग मसाला न्यायचाच नाही? न्या की! तिकीट नीट वाचा. भारतातून युरोपला जाणाऱ्या बऱ्याच तिकिटांत 23 किलोची बॅग धरलेली असते. नसेल तर गोष्ट वेगळी. पण असेल, तर तुमच्या दोन लहान बॅगांपैकी एक मुंबईला काउंटरवर देऊन टाका. चेक-इनला मोठीच बॅग द्यावी लागते असं कोणी सांगितलं? तुम्हाला जिन्यावरून उचलायची ती आठ किलोचीच, पण विमानाच्या पोटात गेल्यावर तिला 100 मिलीचा नियम नाही. मसाला, अडकित्ता, हवं तर प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट बांधलेलं थोडं आगळ, सगळं तिच्यात. औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि एक दिवसाचे कपडे दुसरीत, म्हणजे ती बॅग दोन दिवस उशिरा आली तरी काही अडत नाही.

तेवढं खोबरं मात्र नको, वाटीही नको आणि गोटाही नको. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला जागा आहे. बोटीवरही खोबऱ्याचा माल भरला की आम्ही खणाचं तापमान बघत बसायचो.

आणि विमानाच्या दिवशीच सकाळी पोचणारी गाडी धरू नका. ऑक्टोबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलेलं नसलं तर गाडीचा भरवसा नाही. आदल्या दिवशी मुंबईत असा.

दाभोळ_खाडीपलीकडची

माई, सलाम. आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे दर सुट्टीला बॅगा भरण्याचा सोहळा मीच करते. तात्यांचं पार्सलबद्दलचं म्हणणं सोन्यासारखं, माझी सासूही हेच सांगायची.

विमान थेट आहे की मधे दुबई-अबुधाबीला बदलायचंय? बदलायचं असेल तर मसाल्यात खसखस आहे का ते काकूंना विचारा. मालवणी मसाल्यात पुष्कळ जणी घालतात. अमिरातीत खसखस बेकायदा आहे, विड्याची पानंसुद्धा. तुम्ही नुसतं विमान बदलणार, बाहेर पडणार नाही, तरी कशाला विषाची परीक्षा? काकूंना म्हणावं एवढा एक घाणा खसखशीशिवाय करा. चवीत फरक पडतो, पण लेकीला भाजीत कळायचा नाही.

दुसरं, विमान भरलेलं असलं की अगदी दारात चाकांच्या बॅगा मागून घेतात आणि खाली टाकतात. त्या वेळी घाईत औषधं आतच राहतात. म्हणून केबिन बॅगेत अगदी वरच खांद्याला लावायची एक कापडी पिशवी ठेवायची. त्यात गोळ्या, पासपोर्ट, पॉवर बँक. बॅग गेली तरी पिशवी आपल्याकडे. यजमानांच्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत नका भरू, स्ट्रिपवरच असू देत, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी.

वजनाला घरचा बाथरूमचा काटा नको, तो मनाला येईल ते दाखवतो. मासळीवालीकडे स्प्रिंगचा टांगायचा काटा असतो, तो तासभर मागून आणा. बॅग टांगली की लगेच कळतं. माझ्या दिराची बॅग त्या काट्यावर सव्वानऊ भरली होती, त्यातून तीन टॉवेल निघाले! टॉवेल नेऊच नका. एक पंचा न्या. पाव किलोसुद्धा नसतो, रात्री धुतला की सकाळी सुका.

न्यूरेंबर्गमधला_रत्नागिरीकर

काकू, इकडची बाजू मी सांगतो. कस्टम्सवाले आमची बॅग दर वेळी बघत नाहीत, पण बघितली तर ऐकत नाहीत.

दुधाचं काही चालत नाही. पेढे, खव्याची बर्फी, तूप सगळं बाद. मटणाचं लोणचं वगैरे तर विचारूच नका. मासळीला मात्र माणशी 20 किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे मामांचे सोडे कायद्याने बिनधास्त येऊ शकतात. फक्त खाली द्यायच्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. केबिनमध्ये वरच्या कप्प्यात सोडे ठेवून एवढा लांबचा प्रवास केलात तर पुढच्या रांगेतले लोक तुमच्याकडे कसे बघतील ते मी बघितलंय.

हळदीची पानं नाही चालणार, वाईट वाटतं सांगताना. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपियन युनियनमध्ये ताजी पानं, फळं, फुलं कशालाही झाडांच्या आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सूट फक्त पाच फळांना: केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ! म्हणजे आजींचा ओटीचा नारळ जर्मनीला चालतो, पण आपल्या सिक्युरिटीवाले अख्खा नारळ केबिनमध्ये सोडत नाहीत. इथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतो, तोच ओटीत घाला. शेंडी नसते त्याला. आजींना सांगू नका.

आंबापोळी आणि फणसपोळी भरपूर आणा. चपटी असते, कपड्यांच्या घड्यांत बसते, जागा खात नाही. खाजंही येतं, फक्त गूळ पाझरतो म्हणून डबा हवा.

चार्जरची चिंता नको. आपले बारीक दोन पिनांचे इथल्या सॉकेटमध्ये बसतात, वीजही 230 व्होल्ट. तीन पिनांचं काही आणू नका. परतताना चॉकलेटं हातात चालतात, पण नुटेलाची बरणी नाही, ती पातळ धरतात. माझ्या आईची म्युनिकलाच काढून घेतली, ती अजून मलाच बोलते.

पिंगुळीची_माई (कुडाळ)

सगळ्यांची आभारी आहे. तात्या, तिकिटात माणशी 23 किलो आहेच, मी कधी वाचलंच नव्हतं कारण बुकिंग लेकीने केलेलं. आता एक लहान बॅग खाली, एक वर.

पार्सल उसवलं. कुळथाची पिठी, काजूगरांची दोन पाकिटं आणि मधोमध सुती साडीत गुंडाळलेला तुपाचा डबा. काजूगर आणि साडी ठेवली, पिठी खालच्या बॅगेत, तूप सावंतवाडीला एसटीने परत. बाई फोनवर म्हणाल्या, "तूप तां काय दारू आसा?" आणि फोन ठेवला. आता तिकडून आल्यावर मलाच जाऊन बसावं लागणार त्यांच्याकडे. विमान थेट आहे, तरी काकूंना खसखशीचं विचारलं. घातलीय. तशीच राहू दे म्हटलं.

एकच राहिलं. जावयांनी 20000 mAh ची पॉवर बँक दिलीय. ती कुठल्या बॅगेत?

दाभोळ_खाडीपलीकडची

हातातच, माई. खाली द्यायच्या बॅगेत पॉवर बँक कधीच नाही. 20000 mAh म्हणजे 3.7 व्होल्टने 74 वॉट-अवर, 100 पर्यंत न विचारता चालते. आकडा तिच्यावर छापलेला आहे ना ते बघा, खोडला गेला असेल तर सिक्युरिटीला अडवतात. वरच्या कप्प्यात टाकू नका, पिशवीत जवळ ठेवा, आणि विमानात तिच्यावर फोन लावायच्या आधी विचारा, काही कंपन्या आता वापरू देत नाहीत.

न्यूरेंबर्गमधला_रत्नागिरीकर

न्यूरेंबर्गहून म्युनिक फार लांब नाही, काकू. काजूगर किती आहेत?