'प्रशिक्षण घेतलं' म्हणजे नेमकं कोणी?

लिंगसमतेवर काम करणाऱ्या अधिकारी-सल्लागार मंडळींसाठी तयार केलेली एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणते आहे आणि शीर्षकाशीच अडले आहे. शब्दाला शब्द ठेवला तर 'सहभागी स्त्रीवादी प्रशिक्षण' होतं. पण 'सहभागी' हे नामही आहे आणि विशेषणही, 'स्त्रीवादी'चंही तसंच. त्यामुळे 'ज्या स्त्रीवादी सहभागी झाल्या त्यांचं प्रशिक्षण' असा अर्थ आधी लागतो. शिकणाऱ्यांच्याच सहभागातून उभं राहणारं प्रशिक्षण, हा खरा अर्थ मागे पडतो. दुसरी अडचण 'व्यावसायिक' या शब्दाची. ही माणसं पगारी आहेत, विषयाची जाणकार आहेत, पण 'लिंगसमतेचे व्यावसायिक' म्हटलं की कोणी दुकान मांडलंय असं वाटतं. 'कार्यकर्ते' म्हणावं तर त्यातली बरीच जणं स्वतःला तसं म्हणवून घेणार नाहीत. आणि क्रियापद कोणतं वापरू? प्रशिक्षण देणे, घेणे, की करणे?

—

क्रियापदापासूनच सुरुवात करते, कारण गाठ तिथेच आहे. हे काम मी बरीच वर्षं करते आहे आणि या एका शब्दाशी रोज झटते.

मराठीत 'घेणे' दोन्ही बाजूंनी चालतं. 'मी तास घेतला' म्हणजे शिकवलं. 'कार्यशाळा घेतली' म्हणजे भरवली. 'मी प्रशिक्षण घेतलं' म्हणजे मात्र शिकले. 'आम्ही तीन प्रशिक्षणं घेतली' हे वाक्य आयोजकाचं की शिकणाऱ्याचं, ते पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. संपादक याला दोष म्हणतील. मला तर इथे भाषा आपल्या बाजूची वाटते, कारण सहभागी पद्धतीत नेमकं हेच घडायला हवं असतं: जी घेते तीही काही घेऊन जाते. 'देणे' मात्र एकाच दिशेनं वाहतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी रूढ शिक्षणाला बँकेची उपमा दिली ती याच अर्थानं. शिक्षक रक्कम भरतो आणि विद्यार्थी म्हणजे नुसतं खातं.

फ्रेरे यांचीच एक गोष्ट इथे सांगायला हवी, ती शब्दांचीच आहे. त्यांच्या 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' (दडपलेल्यांचं शिक्षणशास्त्र) या गाजलेल्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १९७० मध्ये निघाली, तेव्हा अमेरिकेतल्या वाचक स्त्रियांनी त्यांना पत्रं लिहिली. दडपलेल्यांविषयी एवढं लिहिता आणि पानोपानी फक्त 'पुरुष'? आपण पुरुष म्हटलं की स्त्रिया त्यात आल्याच, असं त्यांना आधी वाटलं होतं. मग चूक पटली आणि १९९२ च्या लेखनात त्यांनी ती स्वतः नोंदवली. सहभागी शिक्षणाला स्त्रीवादी हे वेगळं विशेषण का लावायचं, याचं उत्तर मला त्या पत्रांत दिसतं. सगळ्यांना गोल करून बसवलं तरी घरातली, कचेरीतली, भाषेतली उतरंड त्या गोलात येऊन बसतेच. तिच्याकडे बोट दाखवायचं धाडस नसेल तर ती पद्धत सहभागी असेल, स्त्रीवादी नव्हे.

एक प्रसंग सांगते. चोवीस तासांच्या घड्याळाचा सराव चालू होता. प्रत्येकानं मोठ्या कागदावर वर्तुळ काढून आपला दिवस त्यात भरायचा: पगाराचं काम लाल, बिनपगारी काम निळं, विश्रांती हिरवी. एका अनुभवी अधिकारी बाईंनी रात्री आठ ते साडेनऊचा तुकडा हिरवा रंगवला आणि आत लिहिलं, 'मुलाचा अभ्यास घेणे'. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "ही विश्रांती कशी?" त्या म्हणाल्या, "मी बसलेलीच असते ना तेव्हा." खोलीत शांतता पसरली. मग कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "अभ्यास घेणे म्हणजे घेणं कुठलं, ते तर देणं आहे." त्यावर पाऊण तास चर्चा झाली. माझ्या आखणीत ती नव्हती. बाईंनी निळा खडू उचलला आणि हिरव्यावरूनच फिरवला. खालचा हिरवा दिसत राहिला. याच बाई एरवी इतरांच्या योजनांमध्ये बिनपगारी श्रम मोजले आहेत की नाही ते तपासतात. पुस्तिकेतली व्याख्या त्यांना पाठ होती.

म्हणून 'प्रशिक्षणार्थी' हा शब्दही मला पटत नाही. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा. वरून आदेश आला म्हणून आलेल्याला अर्थी कसं म्हणायचं? शिवाय त्याच्या शेजारीच 'लाभार्थी' उभा असतो. 'सहभागी' हा शब्द विशेषण म्हणून पद्धतीला लावण्यापेक्षा नाम म्हणून माणसांसाठी राखून ठेवा. त्यात 'भाग' आहे, म्हणजे वाटा आहे. वाटा असलेल्याला हिशेब विचारता येतो.

प्रशिक्षण घडवून आणणाऱ्यासाठी (इंग्रजीतला 'फॅसिलिटेटर') 'सुलभक' रूढ झाला आहे, तो वापरा, पण त्याच्या अर्थाविषयी सावध राहा. सुलभ म्हणजे सहज मिळणारं. वरच्या प्रसंगात काहीच सहज मिळालं नाही, आणि मी ते सोपं करून टाकलं असतं तर बाईंचा खडू उचलला गेलाच नसता. मी स्वतः 'संवादक' म्हणते.

—

एवढा कीस कशाला? सगळे 'जेंडर ट्रेनिंग' म्हणतात, सगळ्यांना कळतं. तेच लिहावं.

—

बोलताना मीही 'जेंडर'च म्हणते, त्यात कमीपणा काही नाही. 'जेंडर'साठी मराठीत रूढ असलेल्या 'लिंगभाव'मधला 'भाव' पाहून नवख्याला ती मनातली भावना वाटते आणि शरीर व समाजानं घडवलेली ओळख यांतला फरक पुन्हा समजावत बसावं लागतं. समाजशास्त्रात हा फरक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७२ मध्ये ठळक केला. आपल्याकडे 'लिंग' शब्दावर व्याकरणाचाही हक्क आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

पण 'सगळ्यांना कळतं' हे मान्य नाही. १९९५ च्या बीजिंगमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदेनंतर अशी प्रशिक्षणं जगभर फोफावली, कारण प्रत्येक धोरणात, प्रत्येक टप्प्यावर स्त्री-पुरुषांवर होणारा परिणाम तपासायचा असं तिथे ठरलं. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेनं त्याची व्याख्या केली. इंग्रजीत त्याला 'जेंडर मेनस्ट्रीमिंग' म्हणतात. मराठीत त्याचं झालं 'मुख्य प्रवाहात आणणे'. हा वाक्प्रचार आपण कोणासाठी वापरतो? वाट चुकलेल्यांसाठी. त्यामुळे बायका कुठेतरी भरकटल्या आहेत आणि त्यांना परत आणायचंय, असा अर्थ उमटतो. बदलायचा होता तो प्रवाह. धोरण लिहिणाऱ्या माणसाच्या हाती हा शब्द असा पोचला तर तो महिलांसाठी एक वेगळी योजना आखून मोकळा होतो. मी हे होताना पाहिलं आहे आणि मला त्याचा त्रास होतो. 'धोरणाच्या प्रत्येक टप्प्यावर लिंगभावाचा विचार' असं लांबलचक लिहा. लांब चालेल.

एका बाबतीत मात्र मराठीचं कौतुक करायलाच हवं. स्त्री-पुरुष एकत्र असले की आपण सहज 'सगळी बसली', 'माणसं आली' म्हणतो, नपुंसकलिंगी अनेकवचन. छापील मजकुरात आलं की त्याचं 'सर्व उपस्थित बसले' होतं. पुस्तिकेत बोलीतलंच रूप ठेवा.

—

खूप उपयोग झाला. शीर्षक असं ठरवते: 'शिकणाऱ्यांच्या सहभागातून स्त्रीवादी प्रशिक्षण', आणि खाली लहान अक्षरांत 'लिंगसमता हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांच्यासाठी'. 'व्यावसायिक' काढून टाकला. क्रियापद सगळीकडे 'घेणे', आणि संदिग्ध होईल तिथे कर्ता स्पष्ट लिहीन. एक शेवटचं विचारते: मागे अहवालाचा नमुना आहे, त्यात 'प्रशिक्षण दिलेल्यांची संख्या' असा रकाना आहे. त्याचं काय करू?

—

'किती जणं होती' एवढंच लिहा. आणि त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा, 'गटानं अर्थ बदललेले शब्द'. त्या दिवशीच्या आमच्या अहवालात तिथे एकच नोंद होती: अभ्यास घेणे.