मदत हवी आहे: आजोबांनी लिहिलेली उद्देशिका ‘चुकीची’ आहे का? आणि संविधान नेमकं किती बदलता येतं?

अभ्यासिका_जेलरोड:
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला जेल रोडवर आम्ही एक छोटी अभ्यासिका चालवतो. संध्याकाळी आठवी ते दहावीची वीस-बावीस मुलं येतात. तिथल्या भिंतीवर माझ्या आजोबांनी १९७२ साली स्वतःच्या अक्षरात लिहिलेली संविधानाची उद्देशिका आहे. आजोबा सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, अक्षर मोत्यासारखं. शाई आता तपकिरी पडलीय, पण काचेतून अक्षर न् अक्षर वाचता येतं.

संविधान दिनाची तयारी म्हणून गेल्या आठवड्यात नववीतली एक मुलगी पुस्तकातून उद्देशिका वाचत होती आणि बाकीची मुलं भिंतीकडे बघून तिच्या मागे म्हणत होती. ‘सार्वभौम’ या शब्दानंतर सगळे अडखळले. ती म्हणाली ‘समाजवादी धर्मनिरपेक्ष’, मुलं म्हणाली ‘लोकशाही गणराज्य’. न्यायला आलेले एक पालक म्हणाले, चुकीचं लिहिलंय, उतरवून ठेवा. दुसऱ्या एका दादांचं म्हणणं, काच काढून पेनने दोन शब्द घाला.

ते शब्द ४२व्या घटनादुरुस्तीने आले एवढं मी सांगितलं. पण दोन ठिकाणी मला उत्तर सापडेना. एक म्हणजे, शब्द नंतर आले तर खाली तारीख अजून २६ नोव्हेंबर १९४९ हीच कशी? दुसरा प्रश्न त्या मुलीचा: “मॅडम, दोन शब्द घालता येतात, तर सगळंच खोडताही येईल का?” सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी शनिवारी सांगते म्हटलंय. नववीच्या मुलांना कळेल अशा भाषेत कुणी समजावून देईल का?

वकीलताई_कॉलेजरोड:
ताई, आधी भिंतीवरच्या चौकटीचं. पेन लावू नका, उतरवूही नका. आजोबांनी १९७२ ला जे होतं तेच लिहिलं. ४२वी दुरुस्ती १९७६ ची, आणीबाणीतली, आणि उद्देशिकेतला बदल ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाला. एक काम करा, शेवटच्या ओळींत बंधुतेच्या जवळ बघा. पुस्तकात ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ असेल. तुमच्याकडे नुसती ‘एकता’ असणार. हा तिसरा बदल बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

तारखेचा प्रश्न मुलांचाच नाही, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९४९ ला स्वीकारलेल्या मजकुरात १९७६ ला शब्द कसे घातले, असा आक्षेप होता. २५ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. उद्देशिका संविधानाचाच भाग आहे, म्हणून दुरुस्तीचा अधिकार तिलाही लागू होतो आणि स्वीकृतीची तारीख त्याच्या आड येत नाही. तारीख सांगते संविधान आपण कधी स्वीकारलं ते. त्यातला प्रत्येक शब्द त्याच दिवशीचा आहे असं ती म्हणत नाही.

आता दुरुस्ती होते कशी. कलम ३६८. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे वेगवेगळी मंजुरी लागते, संयुक्त बैठक घेऊन चालत नाही. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. मुलांना फळ्यावर गणित घाला. लोकसभा ५४३. समजा ४५० जणांनी मत दिलं, तर ३०० हवेत. पण ३६० जणांनीच मत दिलं तर दोन तृतीयांश होतात २४०, आणि ते पुरत नाहीत, २७२ लागतातच. आणि एका सभागृहात अडलं तरी दुरुस्ती होत नाही: पंचायत राजचं पहिलं विधेयक १९८९ मध्ये लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत पडलं. पंचायत राजची ७३वी दुरुस्ती त्यानंतर १९९२ मध्ये झाली.

केंद्र-राज्य अधिकारांना हात लावायचा असेल, तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २०१६ च्या जीएसटी दुरुस्तीला ती घ्यावी लागली होती.

प्रश्न_पडलेला:
वकीलताई, मग महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाही घटनादुरुस्ती झाली होती का?

वकीलताई_कॉलेजरोड:
नाही. नवं राज्य करणं, सीमा बदलणं हे कलम ३ आणि ४ प्रमाणे साध्या बहुमताच्या कायद्याने होतं, आणि ती ३६८ खालची दुरुस्ती धरू नये असं संविधानातच लिहिलंय. १ मे १९६० ला आपलं राज्य तसंच झालं.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. फार मोलाचा आहे तो, आणि त्यावर या देशात वीस-बावीस वर्षं भांडण चाललं. १९५१ मध्ये न्यायालय म्हणालं, संसद मूलभूत हक्कांसकट काहीही बदलू शकते. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ ने उलटं सांगितलं: मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. संसदेने १९७१ ला २४वी दुरुस्ती करून अधिकार परत घेतला. मग केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमिनीच्या कायद्याविरुद्ध गेले. १३ न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, आणि २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल: संसद कुठलंही कलम दुरुस्त करू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे सगळं खोडता येत नाही, आणि ते फक्त एका मताने ठरलं, हेही मुलांना जरूर सांगा.

या चौकटीची छापील यादी कुठेही नाही. लोकशाही, धर्मनिरपेक्षता, संघराज्य, कायद्याची न्यायालयीन तपासणी, निष्पक्ष निवडणुका, हे एकेका खटल्यातून पुढे आलं. ४२व्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट होती: घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. १९८० ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते रद्द झालं. दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच चौकटीचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं.

निफाडचा_बागायतदार:
ताई, मी वकील नाही, पण आमच्या पोरांना मी हे द्राक्षबागेत उभं करून सांगितलंय. एप्रिलात खरड छाटणी करतो तेव्हा बाग उघडी-बोडकी दिसते, सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर कापलेल्या असतात. नवख्याला वाटतं बाग संपली. पण ओलांड्याला, म्हणजे खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या कायमच्या फांदीला, आणि खोडाला कात्री लावायची नसते. ओलांडा गेला तर पुढच्या डोळ्यांना जागाच उरत नाही. तुमच्याकडे निम्मी मुलं शेतकऱ्यांची असतील, त्यांना लगेच कळेल.

पंचवटीकर_काका:
मुलांना कलमांचे आकडे सांगाल तेव्हा १५(२), म्हणजे सार्वजनिक जागी भेदभावाला बंदी, आणि १७, म्हणजे अस्पृश्यता नष्ट, ही दोन विसरू नका, ही विनंती. १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर ‘स्नानघाट’ हा शब्द आहे. रामकुंडावर रोज जाणाऱ्या नाशिकच्या मुलाला हा शब्द किती जवळचा आहे बघा. २ मार्च १९३० ला याच गावात काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, आणि पुढे वीस वर्षांच्या आत तेच मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून संविधान सभेत उभे होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ते दुरुस्तीबद्दलही बोलले आहेत. ज्यांना संविधान पटत नाही त्यांनी दोन तृतीयांश बहुमत मिळवावं. प्रौढ मतदानाने निवडलेल्या संसदेत तेवढंही मिळत नसेल तर त्यांची नाराजी साऱ्या जनतेची म्हणता येणार नाही, अशा अर्थाचं. मला ते वाचून नेहमी भरून येतं. ज्याला देवळाच्या दारात अडवलं तो माणूस म्हणतोय, बदलायचंय ना, मग लोकांकडे जा.

अभ्यासिका_जेलरोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच जाऊन बघितलं. खुर्चीवर चढून काच पुसली. वकीलताई म्हणाल्या तसंच आहे, ‘एकात्मता’ नाही. इतकी वर्षं रोज समोर असून मला दिसलं नव्हतं.

भिंतीवरची चौकट जागेवरच राहील. तिच्या खाली एक कार्ड लावतोय: ‘१९७२ ची प्रत. ३ जानेवारी १९७७ पासून तीन बदल’, आणि ते तीन शब्द. कार्ड त्याच मुलीच्या हस्ताक्षरात असेल. पालकांना मी स्वतः फोन केला, ते म्हणाले मलाही बसायचंय शनिवारी.

बागायतदार दादा, तुमची ओलांड्याची गोष्ट तुमच्या परवानगीने सांगेन. काका, १५(२) आधी घेईन, आकड्यांच्या आधी. आणि वकीलताई, शनिवारी साडेपाचला तासभर येऊ शकाल का? फळ्यावरचं गणित मी मांडते, पण ७ विरुद्ध ६ नंतर मुलं जे विचारतील त्याला तुम्ही असायला हव्यात.

वकीलताई_कॉलेजरोड:
येते. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा.