एफसी गोवा: घसरण फेब्रुवारीतली, सहा मिनिटांतली नव्हे

डिचोलीकर (30 एप्रिल 2024)

काल अंधेरीत मुंबई सिटीकडून 0-2. दोन्ही सामने मिळून 2-5. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) आपला मोसम उपांत्य फेरीत संपला. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळी सगळं लिहून काढतोय.

कालच्या हरण्याचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते 24 एप्रिलच्या बुधवारचं. त्याच उपांत्य फेरीचा पहिला सामना, मुलाला घेऊन फातोर्ड्याला, आपल्या घरच्या मैदानावर गेलो होतो. 16व्या मिनिटाला बोरिस सिंगचा गोल, 56व्याला ब्रँडनचा. मुंबई सिटीविरुद्ध 2-0. आमच्या मागच्या रांगेतली मंडळी दुसऱ्या सामन्यासाठी मुंबईला गाडी करायची की रेल्वेने जायचं, हे ठरवत होती. 90व्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने एक फेडला. एक मिनिट जातंय न जातंय तोच विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. 2-3. बाहेर गाड्या काढताना कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. बोरीच्या पुलापर्यंत मुलगा गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, आपण जिंकलो होतो ना?"

सगळे त्या सहा मिनिटांना दोष देतायत. माझं म्हणणं वेगळं आहे. हा संघ फेब्रुवारीतच घसरला होता आणि तेव्हा कुणी त्याकडे नीट पाहिलं नाही.

आठवा. 23 डिसेंबरला आपण कोलकात्यात सॉल्ट लेकवर जाऊन मोहन बागानला 4-1 ने हरवलं होतं. पहिल्या 12 सामन्यांत एकही हार नव्हती. मग 14 फेब्रुवारीला त्याच मोहन बागानने आपल्याला आपल्याच मैदानावर 1-0 ने हरवलं. पाठोपाठ गुवाहाटीत नॉर्थईस्टकडून हार. 25 तारखेला कोचीत केरळा ब्लास्टर्सविरुद्ध पूर्वार्धात 2-0 पुढे असताना उत्तरार्धात चार गोल खाल्ले, 2-4. दोन आठवड्यांच्या आत तीन पराभव.

आता गुणतक्ता काढा. मोहन बागान 48, मुंबई 47, गोवा 45. फक्त 14 फेब्रुवारीचा सामना जिंकला असता, तर आपण 48 आणि मोहन बागान 45. लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्याचा मान, आपली होती! एका संध्याकाळचं अंतर होतं.

आणि कोचीचा उत्तरार्ध नि फातोर्ड्याची शेवटची सहा मिनिटं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे 2-0 होतं. दोन्हीकडे पहिला गोल खाल्ल्यावर चेंडू पायाखाली धरून "थांबा रे जरा" म्हणणारा मैदानावर कुणी नव्हता. संदेश झिंगन जानेवारीत आशियाई चषकात सीरियाविरुद्ध जायबंदी झाला आणि मोसमाला मुकला. त्याच्या जागी तसा दांडगा, आवाज देणारा माणूस उभा राहिला नाही. क्लबने हे कोचीनंतर तरी ओळखायला हवं होतं. मानोलो मार्केझ मोठे प्रशिक्षक आहेत, त्यांचा खेळ मला आवडतो, पण आघाडी राखायला शिकवणं हेही त्यांचंच काम होतं.

2015 विसरलेलो नाही. तेच मैदान, अंतिम सामना, चेन्नईयनविरुद्ध 87व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेचा गोल आणि 2-1. त्यानंतर 90व्या मिनिटाला आपलाच स्वयंगोल, मग त्यांचा मेंडोझा. 2-3. आकडासुद्धा तोच.

अंधेरी पश्चिम (30 एप्रिल)

डिचोलीकर, मी मुंबई सिटीचा. आधी सांगतो, चिडवायला आलेलो नाही. तुमच्या मुलाचं वाचून खरंच वाईट वाटलं.

पण तुमच्या अख्ख्या लेखात आमचा संघ कुठे आहे? गोव्याने आघाडी सोडली, गोवा घसरला, गोव्याकडे आवाज देणारा नव्हता. छांगतेने ते दोन गोल केले की ते आपोआप झाले? 89 मिनिटं गोल होत नसताना दोन गोलांनी मागे असलेला संघ धावत राहिला, याचं श्रेय कुणाचं?

शेवटाला कोसळणं म्हणजे काय, हे आम्हालाही ठाऊक आहे. 2022-23 मध्ये आम्ही सलग 18 सामने हरलो नव्हतो. शील्ड पक्की केली तीही तुमच्या फातोर्ड्यावर, 5-3 ने. त्यानंतर लीगचे उरलेले दोन्ही सामने हरलो आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टीवर बाहेर काढलं. एवढं कशाला, यंदाच 15 एप्रिलला सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध आम्हाला नुसती बरोबरी पुरेशी होती. 2-1 ने हरलो, शील्ड गेली. आणि त्यांचा पहिला गोल कुणाचा, तर तुमच्या गोव्याच्या लिस्टन कोलासोचा.

त्या रात्री मला वाटलं होतं की आमचा मोसम संपला. नऊ दिवसांनी तेच खेळाडू फातोर्ड्यावर 0-2 वरून उठले. फेब्रुवारीत जे बिघडलं ते एप्रिलमध्ये बिघडणारच होतं, असं काही नसतं. प्रत्येक सामना नव्याने खेळावा लागतो.

बोर्ड्याचे काका (30 एप्रिल)

डिचोलीकर बाब, तुमचा राग मला कळतो. मीही त्या दिवशी स्टेडियमवर होतो. पण "घसरण" हा शब्द मला मान्य नाही.

22 सामने, 13 विजय, 6 बरोबरी, 3 पराभव. तुम्ही म्हणता ते तीन पराभव, तेवढेच. कोचीनंतर लीगमध्ये हा संघ पुन्हा एकदाही हरला नाही! घसरलेला संघ असा असतो का? पडला, उठला, शेवटपर्यंत शील्डच्या आसपास राहिला.

मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. वर्षभर खेळून जो पहिला येतो तो विजेता, अशी जुनी रीत होती. आयएसएलमध्ये वर्षभर खेळा आणि मग चार-पाच दिवसांत सगळं पुन्हा पणाला लावा. जुन्या रीतीत गोव्याचे क्लब काय करत होते ते तरुणांना सांगायला हवं. 2006-07 ते 2012-13, सलग सात वर्षं देशाचं विजेतेपद गोव्यात आलं. धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. आर्मांदो कोलासोंचा धेंपो मी पाहिलाय. मागे महेश गवळी, समीर नाईक, मध्ये क्लिफर्ड मिरांडा. मोसमाच्या शेवटच्या महिन्यात त्यांना गाठणं कुणाला जमायचं नाही. गोवेकरांना शेवट करता येत नाही, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. शेवट कसा करायचा ते देशाला आम्ही शिकवलंय.

डिचोलीकर (30 एप्रिल)

काका, गोवेकरांना शेवट करता येत नाही असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. उलट तुमच्या उदाहरणानेच माझं म्हणणं पुढे जातं. धेंपोकडे गवळी आणि नाईक एकाच वेळी होते. एक पडला तरी दुसरा उभा होता. यंदा झिंगन पडला आणि मागची फळी मुकी झाली. पुढे खेळणारी मुलं गुणी आहेत, त्याबद्दल वादच नाही. सामना कधी थंड करायचा हे जाणणारं कुणी नव्हतं.

मुंबईकर मित्रा, छांगतेला पूर्ण श्रेय. असा खेळाडू आपल्याकडे असावा असं वाटणारच. पण 90व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि 91व्या मिनिटाला दुसरा खाल्ला. मधल्या वेळात चेंडू आपल्याच पायांतून सुरू झाला होता ना? त्या एका मिनिटाचा हिशेब मला माझ्या संघाकडून हवाय, तुमच्याकडून नाही.

पर्वरीची नीता (1 मे)

मी धावपटूंना प्रशिक्षण देते, फुटबॉलशी संबंध प्रेक्षक म्हणूनच. तरी मला दोघांचंही अर्धवट वाटतं.

तारखा बघा. गोव्याचा चेन्नईयनशी बाद फेरीचा सामना 20 एप्रिलला, 2-1 ने जिंकला. 24ला मुंबईशी पहिला, 29ला दुसरा. दहा दिवसांत तीन सामने, तेही एप्रिलच्या उकाड्यात. मुंबई पहिल्या दोनांत आली म्हणून थेट उपांत्य फेरीत. 15 तारखेनंतर 24पर्यंत विश्रांती.

दमलेलं शरीर पहिल्या तासात नीट चालतं. माणूस तासभर छान धावतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पाय जड होतात ते शेवटी, आणि पायांच्याही आधी डोकं जड होतं. कुणाला धरायचं, कधी मागे फिरायचं, हे ठरवायला अर्धा क्षण जास्त लागतो. तेवढ्यात छांगतेसारखा वेगवान खेळाडू निघून जातो. डिचोलीकर दादा, ज्याला तुम्ही "आवाज देणारा नव्हता" म्हणताय, ते मला श्वास न उरल्यासारखं दिसतं. खेळाडूंच्या मनाला दोष देण्याआधी त्यांच्या पायांकडे बघा.

डिचोलीकर (1 मे)

ताई, हे मी लक्षात घेतलं नव्हतं, मान्य. 20 तारखेचा सामना मी विजय म्हणूनच मोजत होतो, ओझं म्हणून नाही.

पण तो जादा सामना खेळावा का लागला? तिसरे आलो म्हणून. तिसरे का आलो? फेब्रुवारीमुळे. पहिल्या दोनांत असतो, तर आपणही विश्रांती घेऊन उतरलो असतो. पाय दमले हे खरं असेल, तरी त्याचं मूळ त्या दोन आठवड्यांतच आहे.

शाहू स्टेडियम (1 मे)

कोल्हापुरातून. आमच्याकडे पेठांच्या सामन्यांत एक गोष्ट लहानपणापासून बघतोय. आघाडीवर असलेल्या तालमीचे प्रेक्षक शेवटच्या दहा मिनिटांत गप्प झाले, की मैदानातल्या पोरांना ते कळतं. पास मागे जायला लागतात, चेंडू नुसता लांब मारला जातो. 24ला मी टीव्हीवर बघत होतो. पहिला गोल झाला आणि फातोर्डा एकदम बसला. 2015 तुमच्या डोक्यात आहे, तसं ते स्टँडमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात होतं. प्रेक्षकांनी त्या क्षणी ओरडायला हवं होतं. रागावू नका, पण तुम्हीही त्यांत होता.

डिचोलीकर (1 मे)

रागावलो नाही. खरं आहे. मी बसलो होतो, दोन्ही हात डोक्यावर. मुलगा तेवढा उभा होता.

बोर्ड्याचे काका (2 मे)

कोल्हापूरकर, तुमचं खरं असेल, पण तिकीट काढून आलेल्या माणसावर हरण्याचा भार टाकू नका. त्याने 89 मिनिटं घसा बसेपर्यंत ओरडून झालं होतं.

डिचोलीकर बाब, फेब्रुवारीवर तुम्ही अडून बसलात. मग डिसेंबरही मोजा की. सॉल्ट लेकवरचे चार गोल याच खेळाडूंनी केले. त्या पराभवानंतर मोहन बागानने प्रशिक्षक बदलला, हाबास आले आणि त्यांचा मोसम फिरला. आपण 4-1 जिंकून त्यांना जागं केलं, असं म्हणायचं का? मोसम लांब असतो. त्यात सगळ्यांचे वाईट पंधरवडे येतात. आपला फेब्रुवारीत आला, मोहन बागानचा डिसेंबरात. त्यांनी त्यावर इलाज केला, तो लागू पडला. एवढाच फरक.

डिचोलीकर (2 मे)

काका, "त्यांनी इलाज केला." तुम्हीच लिहिलंत. मी दोन दिवस दुसरं काय सांगतोय?

अंधेरी पश्चिम (5 मे)

काल सॉल्ट लेकवर अंतिम सामना, मोहन बागानविरुद्ध आम्ही 3-1 ने जिंकलो. 44व्या मिनिटाला त्यांच्या कमिंग्सचा गोल झाला आणि पुन्हा 15 एप्रिल डोळ्यांसमोर आला. मध्यंतराला मी टीव्ही बंद करणार होतो. मग डियाझने बरोबरी केली, 81व्याला बिपिनने पुढे नेलं, भरपाई वेळेत व्होय्तुस. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, 19 दिवसांचं अंतर.

डिचोलीकर दादा, तुमच्या एका मुद्द्यावर मी विचार केला. आमच्याकडेही मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक गेले. बकिंगहॅम नोव्हेंबरात इंग्लंडला परतले, क्रात्की आले. म्हणजे घडी आमचीही विस्कटली होती. पण छांगते, बिपिन, विक्रम ही मंडळी कायम राहिली. कदाचित तुम्ही म्हणता तो "थांबा रे" म्हणणारा आवाज एका माणसाचा नसतो, बरीच वर्षं एकत्र खेळलेल्यांचा असतो.

डिचोलीकर (5 मे)

अभिनंदन. मनापासून. काल मी तुमच्या बाजूने होतो, मुलगा नव्हता.

तुझा शेवटचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच आता जास्त भीती वाटते. आपल्याकडे ब्रँडन आहे, सेरिटन आहे, इथलेच, वर्षानुवर्षं ही जर्सी घालणारे. यांच्याभोवती संघ टिकवला तर काका म्हणतात तसा धेंपो पुन्हा दिसेल. दर उन्हाळ्यात अर्धा संघ नवा आणला, तर दर फेब्रुवारीत ओळखी नव्याने कराव्या लागतील. क्लबने या उन्हाळ्यात काही केलं नाही तरी चालेल, पण या दोघांना जाऊ देऊ नये.

मुलाने विचारलंय, पुढच्या मोसमात पहिला घरचा सामना कधी. नीताताई, कोल्हापूरकर, कधी फातोर्ड्याला आलात तर कळवा. आम्ही पूर्वेच्या स्टँडमध्ये असतो.