खलनायक कागदी वाटतो, काय बदलावे?

प्रश्न :
माझ्या कादंबरीत थोरला भाऊ धाकट्याला फसवून घराच्या कागदपत्रांवर सही घेतो. हस्तलिखित वाचणाऱ्या तिघांनीही हा माणूस कागदी वाटतो असे सांगितले. त्याच्या दुष्टपणाला कारण असावे म्हणून मी हलाखीच्या बालपणाचे अख्खे प्रकरण लिहिले, तरी तक्रार कायम आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
बालपणाचे प्रकरण काढून टाकावे, असे मी स्पष्टच सुचवेन. त्यामुळे वाचकाला पात्राची कीव येते, परंतु तो आज, या घडीला सही का मागतो आहे, हे कळत नाही. आपण वाईट वागतो आहोत असे फार थोड्यांना वाटते. बहुतेकांजवळ स्वतःपुरता चोख हिशेब तयार असतो. वडिलांचे आजारपण मी काढले, कर्ज मी फेडले, धाकटा पाहुण्यासारखा येऊन गेला, तेव्हा घर माझेच, असा थोरल्याचा हिशेब असू शकेल, आणि त्यातली निम्मी कलमे तरी खरी असावीत. संपूर्ण कथा त्याच्या तोंडून दोन पानांत लिहून पाहावी. ती पाने कादंबरीत घालायची नाहीत.

प्रतिसाद २ :
सहमत आहे, मात्र हिशेब मांडण्याच्या भरात लेखक पात्राची वकिली करू लागतो, तेवढे सांभाळावे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट (एकाच गुणाभोवती रचलेली) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रांतला फरक सांगताना, पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता ही गोलाकार पात्राची कसोटी मानली होती. त्यासाठी मोठी कलाटणी लागत नाही. समजा, सहीपूर्वी थोरला धाकट्याचा चष्मा मागून घेतो, सदऱ्याच्या टोकाने पुसून परत देतो आणि ‘नीट वाचून घे’ असेही म्हणतो, कारण धाकटा वाचणार नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. यात माया खरी आहे आणि कावाही. (खलनायकाने आपला बेत भाषण करून सांगू नये, हे वेगळे सांगायला नकोच.) शिवाय तुमचा धाकटा इतका निर्दोष कसा, हेही तपासावे.

प्रश्नकर्ता :
शेवटचे वाक्य बोचले. दोन पाने लिहिताना थोरल्याने मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली: वडिलांच्या औषधांचे पैसे धाकट्याने एकदा परस्पर खर्च केले होते. आता तिसरे प्रकरण नव्याने लिहावे लागणार आहे.