तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर : अर्जाच्या रकान्यात कोणता शब्द लिहावा?

प्रश्न

नाशिकच्या पंचवटी भागातील एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काम करते. सभासदत्वाचा अर्ज नव्याने छापायचा आहे. जुन्या अर्जात 'लिंग : पुरुष / स्त्री' एवढ्या दोनच चौकटी होत्या. तिसरी चौकट हवी याबद्दल आमच्यात दुमत नाही, वाद आहे तो तिच्यापुढे कोणता शब्द छापावा याचा. एका ज्येष्ठ सदस्यांना 'तृतीयपंथी' हा रुळलेला शब्द योग्य वाटतो, दुसऱ्यांच्या मते 'किन्नर' अधिक आदराचा आहे, तर कोशाध्यक्षांना 'इतर' पुरेसे वाटते. माझा कल 'पारलिंगी'कडे आहे, परंतु खिडकीवर अर्ज भरणाऱ्याला तो समजेल का, अशी शंका येते. या शब्दांच्या अर्थच्छटा जाणकारांनी उलगडून सांगाव्यात, ही विनंती.

प्रतिसाद

प्रथम 'तृतीयपंथी' हा शब्द पाहू, कारण मराठी वृत्तपत्रे आणि शासकीय पत्रके यांनी तोच रुळवला आहे. यातील 'पंथ' दुर्लक्षून चालणार नाही. त्र्यंबकेश्वराच्या परिसरात वाढलेल्या माणसाला 'नाथपंथी' म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही : गुरू करायचा, दीक्षा घ्यायची, परंपरेचे नियम पाळायचे आणि त्या परंपरेच्या नावाने ओळखले जायचे. हिजडा समाजाची रचना पुष्कळ अंशी अशीच आहे. तेथे घराणी आहेत, नायक आहेत, गुरू-चेल्याचे नाते आहे आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतकेच बांधून ठेवणारे आहे. दक्षिण महाराष्ट्रात यल्लमा-रेणुकेच्या नावाने सोडलेले जोगते आहेत. आपल्या जिल्ह्यात कोजागिरीला सप्तशृंगी गडावर या मंडळींचा मेळा भरतो आणि छबिना निघतो, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना 'पंथ' शब्द अस्थानी वाटणार नाही.

अडचण येते ती या परंपरेबाहेरच्या माणसांची. सिडकोत आईवडिलांबरोबर राहणारी, एखाद्या कार्यालयात हिशेब लिहिणारी पारलिंगी तरुणी कोणत्याही घराण्याची चेला नसते. अंबडच्या कारखान्यात पाळीने कामावर जाणारा पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूस, हा तर 'तृतीयपंथी' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. शिवाय 'तृतीय' म्हणताना पहिले दोन कोण हे गृहीत धरलेले असते. अशा पुष्कळ जणांचे म्हणणे 'आम्ही तिसरे' असे नसून 'मी स्त्रीच आहे' किंवा 'मी पुरुषच आहे' असे असते. म्हणून त्या समाजाविषयी लिहिताना 'तृतीयपंथी' चालेल, परंतु सर्वांना सामावणारा शब्द म्हणून तो तोकडा पडतो, असे माझे मत आहे.

('तृतीयपंथी' की 'तृतीयपंथीय' असाही प्रश्न वारंवार येतो. दोन्ही रूपे शुद्ध आहेत, मात्र एकाच अर्जात दोन्ही छापू नयेत.)

'पारलिंगी' हा घडवलेला शब्द आहे, पण त्याची घडण मराठीला परकी नाही. पारपत्र, पारदर्शक यांत जो 'पार' आहे तोच येथे आहे, म्हणजे पलीकडे जाणारा. जन्माच्या वेळी जे लिंग नोंदवले गेले त्याच्या पलीकडची ज्याची ओळख आहे, ती व्यक्ती पारलिंगी. त्यात घराणे, दीक्षा किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात हेच तत्त्व मान्य केले : आपली ओळख कोणती हे ज्याचे त्याने सांगायचे, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु 'किन्नर' शब्द का नको, हे त्यात आलेले नाही. 2015 साली किन्नर आखाडा स्थापन झाला, 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थात तो उतरला आणि 2019 च्या प्रयागराजच्या कुंभात 'जुना आखाडा' या साधूंच्या आखाड्याबरोबर चालला. आता नाशिकच्या सिंहस्थात हा शब्द घराघरांत पोहोचेल. ज्या नावाने लोक पायांना हात लावतात, ते नाव अर्जात असावयास काय हरकत आहे?

प्रतिसाद

हरकत आदराबद्दल नाही. संस्कृत साहित्यात किन्नर म्हणजे देवलोकातील गाणारे. गंधर्व-किन्नर ही जोडी आपण कीर्तनातही ऐकतो. हिमाचल प्रदेशातील किन्नौरमध्ये याच नावाची अनुसूचित जमात आहे आणि तिचा या विषयाशी काहीही संबंध नाही. आजच्या अर्थाने हा शब्द मराठीत आला तो हिंदीतून, दूरचित्रवाणीच्या आणि आखाड्याच्या मार्गाने. आखाड्यातील साध्वीने स्वतःस किन्नर म्हणवून घेणे योग्यच आहे, परंतु वाचनालयाच्या सभासदाला त्या धार्मिक ओळखीत बसवणे योग्य नाही.

शिवाय पायांना हात लावणे आणि स्वीकारणे यांत अंतर आहे. आपल्या मेन रोडवरचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवाळीत दुकानदार तृतीयपंथी व्यक्तीच्या हातावर नोट ठेवतो आणि तिने आशीर्वाद म्हणून परत दिलेला रुपया जपून गल्ल्यात टाकतो. तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली विचारावयास आली, तर खोली 'कालच गेलेली' असते.

प्रतिसाद

'हिजडा' हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो, तर पारलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्यासारख्या व्यक्ती तोच शब्द स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. मग आम्ही लिहिताना काय करावे? तसेच 'उभयलिंगी' आणि 'नपुंसक' हेही शब्द जुन्या कागदपत्रांत आढळतात. त्यांचे काय?

प्रतिसाद

स्वतःविषयी बोलताना माणूस जो शब्द घेतो, तो दुसऱ्याने त्याच्यावर लादण्याची मुभा त्यातून मिळत नाही. 'हिजडा' हे एका समाजाचे नाव आहे आणि पारलिंगींच्या हक्कांविषयीच्या केंद्राच्या 2019 च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत किन्नर, अरावनी (तमिळनाडूतील नाव), जोगता यांच्या शेजारी ते स्पष्टपणे आले आहे. त्या समाजाविषयी, त्या अर्थाने लिहिताना ते वापरता येईल. परंतु भित्र्या पुरुषाला हिणवण्यासाठी ते वापरणे, किंवा सभेत प्रतिपक्षाला 'बांगड्या भरा' म्हणणे, यात पारलिंगींचा आणि स्त्रियांचा अपमान एकाच दमात होतो.

'नपुंसक' आणि 'षंढ' पूर्णपणे टाळावेत. अमरकोशात 'तृतीया प्रकृती', षंढ, क्लीब हे शब्द एकाच ओळीत येतात, म्हणून ते आजही समानार्थी मानावेत असे होत नाही. आज त्यांचा अर्थ शारीरिक दुर्बलता किंवा भ्याडपणा असाच घेतला जातो आणि पारलिंगी असण्याचा त्या दोहोंशी संबंध नाही. ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात या माणसांसाठी स्वतंत्र भाग घालून त्यांची नोंदवही ठेवली, आणि स्त्रीवेशात रस्त्यावर नाचणे-गाणे हाही गुन्हा ठरवला. तेथेही व्याख्येचा आधार नपुंसकत्व हाच होता.

'उभयलिंगी' हा घोटाळ्याचा शब्द आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असते, फूल उभयलिंगी असते. केंद्राच्या 2019 च्या कायद्याच्या हिंदी नावात हाच शब्द आल्यामुळे तो मराठी अर्जांतही शिरतो. ज्यांची शरीररचना जन्मतःच स्त्री-पुरुष या ठरीव साच्यांत बसत नाही त्यांच्यासाठी 'आंतरलिंगी' शब्द वापरतात. ती शरीराची बाब आहे, पारलिंगी असणे ही स्वतःच्या ओळखीची.

प्रतिसाद

नामांवर इतकी चर्चा झाली, परंतु मराठीत माणसाचे लिंग नामापेक्षा क्रियापदात अधिक उघडे पडते, याकडे लक्ष वेधू इच्छितो. 'मी आलो' की 'मी आले' हे ठरवल्याशिवाय मराठी माणसाला स्वतःविषयी एक वाक्यही धड बोलता येत नाही. पारलिंगी मुलीने घरात प्रथमच 'मी जेवले' म्हटले की कलह तेथेच सुरू होतो. शब्दकोशातला कोणताही शब्द घरात यायच्या आधी हा एकार आलेला असतो.

अवहेलनाही क्रियापदातूनच होते. नाशिकरोड स्थानकावर तृतीयपंथी व्यक्ती गाडीत चढताच डब्यातला एखादा प्रवासी शेजाऱ्याला 'ते बघा, आलं' म्हणतो. हे नपुंसकलिंगी एकवचन आपण लेकरासाठी मायेने वापरतो, प्रौढ व्यक्तीसाठी वापरले की ती वस्तू होते. गंमत अशी की आदरार्थी पुल्लिंगी 'ते आले' आणि हे 'ते आलं' प्रमाण लेखनात सारखेच दिसतात, फरक उच्चारात कळतो. म्हणून पारलिंगी स्त्रीविषयी लिहिताना निःसंदिग्धपणे 'त्या आल्या' असे लिहावे आणि पारलिंगी पुरुषाविषयी वाक्याचा पूर्वापर संबंध स्पष्ट ठेवून 'ते आले' असे लिहावे. 'तो आता स्त्री झाला आहे' या वाक्यात शेवटचे क्रियापद बोलणाऱ्याची अढी उघड करते.

जेथे माहिती नसेल तेथे मराठीत आडवाटा भरपूर आहेत. 'आपण यावे', 'सभासदांनी पुस्तक परत केले', 'त्यांना कळवावे' या रचनांत कर्त्याचे लिंग येतच नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. आणखी एक अडचण विचारते. आमच्या अर्जात 'वडिलांचे / पतीचे नाव' असा सक्तीचा रकाना आहे. तेथे काय करावे?

प्रतिसाद

'मधले नाव (असल्यास)' एवढेच ठेवावे. गुरुपरंपरेतील अनेक जण तेथे गुरूचे नाव लिहितात. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या अंजली पाटील यांच्या याचिकेवर त्यांचे नाव 'अंजली गुरू संजना जान' असे आहे. स्त्रियांसाठी राखीव जागेवरचा त्यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो स्वीकारण्यास सांगितले आणि त्या निवडूनही आल्या. त्यांनी तिसरी चौकट मागितली नव्हती, 'स्त्री' याच चौकटीवर हक्क सांगितला होता. आपल्या अर्जातही पारलिंगी स्त्रीने 'स्त्री'पुढे खूण केली, तर खिडकीवरच्या माणसाने ती खोडू नये किंवा पुरावा मागू नये, एवढी सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी.

'इतर' मात्र छापू नये. 2011 च्या जनगणनेत देशभरातील सुमारे 4 लाख 88 हजार माणसे या एका शब्दाखाली मोजली गेली, त्यांत महाराष्ट्रातील सुमारे 41 हजार होती. पॅन कार्डाच्या अर्जात 2018 पासून स्वतंत्र पर्याय आहे, तर वाचनालयाला त्याहून मागे राहण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

कार्यकारिणीपुढे मी पुढील मसुदा ठेवणार आहे : 'लिंगओळख (आपण सांगाल ती) : स्त्री / पुरुष / पारलिंगी, तृतीयपंथी / सांगू इच्छित नाही'. दोन्ही शब्द शेजारी ठेवल्याने 'पारलिंगी' अपरिचित असला तरी अर्थ लागेल.

प्रतिसाद

मसुदा चांगला आहे. फक्त एक विचारतो : पुस्तके देण्याघेण्यासाठी नाव, पत्ता, भ्रमणध्वनी आणि अनामत लागते. लिंगाची नोंद आपण कशासाठी घेता?

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

महिला सभासदांसाठी शनिवारी दुपारी वाचनकट्टा असतो, त्याची यादी या रकान्यावरून काढतात. परंतु त्या यादीसाठी 'शनिवारच्या कट्ट्याला येऊ इच्छिता का?' असे विचारूनही काम भागेल. रकाना काढून टाकण्याचा पर्यायही मसुद्याबरोबर मांडते.