शब्दचर्चा: यूनुख, षंढ, पारलिंगी, पाचारण

विचारणा (सदर, नागपूर): जस्टिन टॅनिस यांचं 2003चं पुस्तक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) ओळख आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान यांवर आहे. अभ्यासवर्गासाठी त्याचा मराठी सारांश करतोय. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 8 मधला कूशी अधिकारी 'षंढ' ठेवावा की 'तृतीयपंथी'? आणि लिंगभाव (जेंडर) हे 'कॉलिंग' आहे असं ते मांडतात, त्याला काय म्हणावं?

– 'षंढ' बाद. आज ती भेकडपणाची शिवी आहे. राणीचा खजिना सांभाळणारा, रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत बसलेला माणूस ऐकणाऱ्याला नेभळट वाटेल. 'तृतीयपंथी'ही नको. तिथला ग्रीक शब्द 'यूनुखोस' म्हणजे मुळात शय्येचा राखणदार, हुद्दाच तो. जुन्या करारातल्या हिब्रू 'सारीस'चंही तसंच. उत्पत्ती 39:1 मध्ये पोटीफर सारीस आहे, आणि त्याला चांगली बायको आहे! तिथे भाषांतरकार मुकाट्याने 'अधिकारी' अशा अर्थाचा शब्द घालतात.

– मग 'खोजा'? फारसी 'ख्वाजा'वरून आलाय, तोही मुळात मानाचाच.

– अर्थ नेमका बसतो भाऊ, पण वाचक खोजा नावाचा मुस्लिम समाज समजेल. 'यूनुख' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच फोड करा: राजवाड्यात चाकरीला ठेवलेला, बहुधा खच्ची केलेला पुरुष.

'पारलिंगी' भाष्यात लिहा, बायबलच्या वचनात नको. 'अनुवाद' या पुस्तकातलं 23:1 खच्ची केलेल्या पुरुषाला मंडळीबाहेर ठेवतं, यशया 56:5 यूनुखाला मंदिरात नाव देतं, प्रेषित 8 मध्ये त्याचा बाप्तिस्मा होतो. पारलिंगींचा मुद्दा या वाटेवरून, साधर्म्याने येतो. वचनातच 'पारलिंगी' घातलं तर जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं होईल.

– 'किन्नर'ही टाळा. आपल्याकडे सर्रास म्हणून राहिले लोक, पण तो शब्द बहुधा पारलिंगी स्त्रियांसाठी, आणि टॅनिस स्वतः ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवलेले पुरुष. ते त्या शब्दात मावतच नाहीत. पारलिंगींच्या हक्कांबाबतच्या 2019च्या कायद्याच्या हिंदी नावातलं 'उभयलिंगी' तर मुळीच उचलू नका. मराठीत गांडूळ उभयलिंगी असतं.

– 'कॉलिंग'ला 'पाचारण'. चर्चच्या मराठीत तयारच आहे. एरवी अग्निशमन दलाला पाचारण करतात, म्हणून एकदा तरी 'देवाचे पाचारण' असं पूर्ण लिहा. 'ओढ' किंवा 'आवड' लिहिलंत तर बोलावणाराच गायब होतो, आणि टॅनिस यांचा सगळा भर त्याच्यावर आहे. 'लिंग हे पाचारण' असंही लिहू नका. 'लिंगभाव' म्हणा, नाहीतर शरीराबद्दल चाललंय असं वाटेल.