सॅन्टा क्लारा व्हॅनगार्डची ड्रमलाईन: तुमचे अनुभव लिहा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहून ज्यांचा उन्हाळा ड्रम कोअरच्या (मैदानावर चालत वाजवणाऱ्या तरुणांच्या ग्रुपच्या) मागे जातो अशा मराठी मंडळींसाठी हा धागा, लांबचे असाल तरी लिहा. विषय व्हॅनगार्ड आणि त्यातही त्यांचे वाजवणारे, म्हणजे चालत वाजवणारी ड्रमलाईन (स्नेअर, टेनर, बेस हे ड्रम आणि सिंबल म्हणजे झांजा) आणि मैदानाच्या पुढच्या कडेला उभं राहून मरिंबासारखी वाद्यं वाजवणारा पिट. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, १९६७ मध्ये सॅन्टा क्लारात सुरू झालेला हा ग्रुप, २१ वर्षांपर्यंतची मुलंमुली, क्लॅरिनेट-सॅक्सोफोन अजिबात नाही, फक्त पितळी वाद्यं, ताल आणि झेंडेवाले, उन्हाळाभर बसने देशभर फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं आणि ऑगस्टमध्ये फायनल. १९७३ ते २०१८ मध्ये सात वेळा जिंकलेत. फायनलला सगळ्यात भारी तालविभागाला जे बक्षीस मिळतं ते फ्रेड सॅनफर्डच्या नावाने आहे आणि सॅनफर्ड सत्तरच्या दशकात व्हॅनगार्डसाठीच लिहायचे, म्हणून मला वाटतं ह्या ड्रमलाईनबद्दल वेगळं बोलायलाच हवं. तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलीत, काय वाटलं, सगळं लिहा, मोठं झालं तरी चालेल.

सॅन होजे, मूळ पुणे
मी कॉलेजात असताना पथकात ढोल वाजवायचो त्यामुळे पहिल्यांदा मित्राने नेलं तेव्हा मनात होतं की आपल्याला काय नवीन ऐकायला मिळणार. शोच्या आधी पार्किंग लॉटमध्ये ड्रमलाईन वॉर्मअप करते, त्याला सगळे नुसतं लॉट म्हणतात, तिथे हातभर अंतरावर उभं राहता येतं आणि माझ्या मते खरी मजा स्टेडियमपेक्षा तिथेच आहे. सुरुवात एट्सने, म्हणजे एका हाताने आठ ठोके मग दुसऱ्या हाताने आठ, बस एवढंच. पण आठ-दहा स्नेअर एकत्र वाजवतायत आणि ऐकू येतोय एकच ठोका! काठी किती उचलायची ते इंचात ठरलेलं, तीन इंच म्हणजे तीनच, नऊ म्हणजे नऊच, सगळ्यांची सारखी. आपल्याकडे लक्ष्मी रोडला आवाज साठत जातो आणि अंगावर येतो, ते सुख वेगळंच आहे आणि ते मी कधी विसरणार नाही, पण इथे दोन ठोक्यांच्या मधली शांतता पण सगळ्यांची एकत्र असते हे मला त्या दिवशी कळलं. आणि बेस ड्रम! आपण सगळे ढोलवाले एकच हात वाजवतो, इथे पाच जण, पाच साईझ, पाच सूर, आणि एक फास्ट तुकडा त्या पाचांत ठोक्याठोक्याने वाटलेला, तो वरून खाली जिना उतरल्यासारखा जातो. एकाचा ठोका केसभर मागे पडला की लगेच कळतं. मी कितीतरी वेळ फक्त बेसवाल्यांच्या समोर उभा होतो, मित्र बोलवून थकला.

फ्रीमाँट
माझी मुलगी हायस्कूल बँडमध्ये मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवते म्हणून पिटबद्दल लिहिते कारण सगळे स्नेअरचंच कौतुक करतात. एका हातात दोन अशा चार मॅलेट (वाजवायच्या काठ्या) धरून ती पोरं जे वाजवतात ते जवळून बघा एकदा. व्हॅनगार्डचं ड्रमिंग पॉल रेनिक लिहायचे त्या वर्षांत पिट सँडी रेनिककडे होता, आणि पिट आणि मागची ड्रमलाईन एकाच डोक्यातून आल्यासारखी वाटायची, कुठे स्नेअर थांबतो आणि मरिंबा सुरू होतो ते कळायचंच नाही. मुलगी ते व्हिडिओ लावून एक एक ओळ हळू करून बसवते, जेवायला ये म्हटलं की आई फक्त अजून एकदा. पॅडवरच्या सरावाचा खटखट आवाज रात्रीपर्यंत चालू, शेजारचे काका चांगले आहेत म्हणून बरं.

सॅन रमोन
वर ढोलवाल्या दादांनी एकच ठोका ऐकू येतो लिहिलंय ना, मैदानावर ते किती कठीण आहे ह्याचा हिशोब सांगतो. फुटबॉलचं मैदान साधारण ४९ मीटर रुंद. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मागच्या कडेचा ठोका पुढे पिटपर्यंत यायला ०.१४ सेकंद. आता लय मिनिटाला १८० बीटची असेल तर एका बीटचे चार भाग केले की एक भाग ०.०८ सेकंदाचा, म्हणजे मागचा आवाज दीड भागाहून जास्त उशिरा पोचणार! म्हणून पिटवाले ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून हाताने ताल दाखवणाऱ्याच्या) हाताकडे बघून वाजवत नाहीत, पाठीमागून येणारा आवाज कानाने पकडून त्याच्यावर वाजवतात, तरच प्रेक्षकांना सगळं एकत्र लागतं. हे कळल्यावर मी शो बघताना पिटवाल्यांची मान बघायला लागलो, आणि मागचे तर हे सगळं पळत, तिरकं चालत करत असतात.

शिकागो
२०१८ ची फायनल लुकास ऑईल स्टेडियममध्ये बसून पाहिली, बॅबिलोन नावाचा शो, १०० पैकी ९८.६२५ गुण मिळवून व्हॅनगार्ड जिंकलं. त्याआधीचं जेतेपद १९९९ चं आणि ते पण ब्लू डेव्हिल्स ह्या दुसऱ्या कोअरबरोबर वाटून, त्यामुळे जुने लोक माझ्या आजूबाजूला अक्षरशः रडत होते. बंद छत असल्याने ड्रम सुरू झाले की छातीत थरथर जाणवते. मला विचाराल तर त्या रात्रीइतकी स्वच्छ ड्रमलाईन मी परत ऐकली नाही, कोणी काहीही म्हणो.

सॅन्टा क्लारा
२०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नाही तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं वयाच्या अटीप्रमाणे शेवटचं वर्ष होतं. त्याने घराच्या ड्राइव्हवेत एकट्याने सगळा वॉर्मअप वाजवला, गल्लीतले सगळे बाहेर येऊन उभे राहिले, कोणी काही बोललं नाही. मग २०२३ ला आर्थिक अडचणींमुळे व्हॅनगार्ड मैदानात उतरलंच नाही, कित्येक वर्षं बिंगो चालवून पैसे उभे करणारी ही संस्था, आणि त्या उन्हाळ्यात शोला जाऊन त्यांचं लाल जॅकेट कुठेच दिसलं नाही तर काय वाटलं ते लिहिता येत नाही मला. २०२४ ला परत आले तेव्हा निकाल काय लागतो ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, नुसतं लॉटमध्ये जाऊन एट्स ऐकायचे होते.

नाशिक
मी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही, फक्त युट्यूब. पण सिंबलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय!! बाकीच्या बऱ्याच कोअरनी सिंबल लाईन बंद केली, व्हॅनगार्डने जपली, आणि ती मुलं नुसती झांज आपटत नाहीत, फिरवतात, घासतात, दाबून आवाज मारतात. आमच्या लेझीम ग्रुपमधल्या पोरांना दाखवलं तर त्यांनी रिवाइंड करून करून बघितलं. कोणी जाणार असेल तर प्लीज सिंबलवाल्यांच्या समोर उभं राहून मोठा व्हिडिओ काढा, सगळे स्नेअरवरच झूम करतात.

सॅन होजे, मूळ पुणे
नाशिककर, नक्की काढतो. आणि लॉटला पहिल्यांदा येणाऱ्यांनो, कानाला इअरप्लग लावा, लहान मुलं असतील तर हेडफोनवालं कव्हर, आणि मुलं वाजवत असताना त्यांच्या आणि मेट्रोनोमच्या (टकटक ताल देणाऱ्या यंत्राच्या) मध्ये उभं राहू नका.